कमी आकड्याचे जिल्हे

देशभरच्या कॅन्सर नोंदणीचा एक मोठा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. आयसीएमआरच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा. त्यात २०१२ ते २०१६ या काळातले आकडे आहेत. पुरुषांमध्ये सर्वांत जास्त दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा निघाला, एक लाख लोकांमागे वर्षाला २६९.४ नवे रुग्ण. आणि सर्वांत कमी कुणाचा? आपल्या उस्मानाबाद आणि बीड या जोडीचा (उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे, पण अहवालात जुनंच आहे म्हणून तेच वापरतो). ३९.५. बायकांमध्ये वरचं टोक अरुणाचल प्रदेशातल्या पापुम पारेचं, २१९.८. खालचं टोक पुन्हा उस्मानाबाद-बीड, ४९.४. दिल्लीत हाच दर पुरुषांमध्ये १४७ आहे आणि मुंबई शंभराच्या थोडी वर आहे.

दुष्काळ, ऊसतोडीचं स्थलांतर, बालविवाह, शेतकरी आत्महत्या अशा प्रत्येक यादीत ज्यांचं नाव पहिल्या पानावर असतं ते दोन जिल्हे एका यादीत तळाला आले आणि तेही चांगल्या अर्थानं, हे वाचून कुणालाही बरं वाटेल. मलाही वाटलं असतं. पण हा आकडा आपल्याकडे ज्या पद्धतीनं वाचला जातो, ती पद्धत मला घातक वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.

ती पद्धत तुम्हाला माहीत आहे. लग्नात, मयतीत, रमजानच्या इफ्तारीत कुणाच्या तरी कॅन्सरचा विषय निघतो आणि एखादे चाचा म्हणतात, "आपल्या गावाकडं कुठं होता हा रोग? ही सगळी शहराची देणगी." मग ज्वारीची भाकरी, विहिरीचं पाणी, अंगमेहनत यांची तारीफ होते. आपल्या बैठकीत त्यात आणखी भर पडते: वुजू, रोजे, हलाल, खतना. शेजारच्या हिंदू बैठकीत गोमूत्र आणि उपवास येतात. मुद्दा दोन्हीकडे एकच, की आपण जसे जगत होतो तसेच जगत राहिलो तर हा रोग आपल्या दारात येत नाही.

हा दर म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. एका ठरलेल्या भागात, एका वर्षात, कॅन्सरचं निदान झालेले नवे रहिवासी रुग्ण मोजायचे आणि तिथल्या लोकसंख्येनं भागायचं. कॅन्सर बहुतेक करून उतारवयाचा रोग आहे आणि प्रत्येक भागात म्हाताऱ्यांचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून वयाचा फरक काढून टाकून दर सारखा करून घेतात. वर दिलेले आकडे असे सारखे केलेलेच आहेत. तेव्हा "गावात तरुण जास्त म्हणून कॅन्सर कमी" हे उत्तर इथं चालत नाही. पण "निदान झालेले" हा शब्द मात्र लक्षात ठेवा. रोग झाला आणि निदान झालं नाही, तर तो माणूस या हिशेबात नाहीच.

मुंबईत ही मोजणी १९६३ पासून चालू आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनं डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं ती सुरू केली. देशातली ही पहिली लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी. शहरात हे काम तुलनेनं सोपं असतं. इस्पितळं आहेत, पॅथॉलॉजीच्या लॅब आहेत, महापालिकेचे मृत्यूचे दाखले आहेत. तिन्हीकडचे कागद गोळा केले, एकाच माणसाची दोनदा नोंद झाली नाही ना ते तपासलं, की चित्र उभं राहतं.

खेड्यात यातलं काहीच नसतं. म्हणून १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जे सुरू झालं त्याचं मला फार अप्रूप वाटतं. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली खेडी त्यात घेतली. परंडा आणि भूम तर उस्मानाबाद जिल्ह्यातच येतात. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. नेने यांच्या लोकांना पहिल्यांदा कळलं ते हे, की इस्पितळात बसून राहिलो तर रुग्ण मोजता येणार नाहीत, कारण रुग्ण इस्पितळात येतच नाहीत. मग नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळानं गावोगाव जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, दाई, म्हातारे लोक यांच्याशी बोलायचं. कुणाला न भरणारी जखम आहे का, घास गिळताना त्रास होतो का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का, हे विचारायचं. संशय आला तर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात तपासणीसाठी आणायचं. म्हणजे मोजायला गेलेला माणूसच उपचाराच्या रस्त्यावरचा पहिला माणूस झाला.

याचा परिणाम काय झाला ते या मंडळींनी १९९५ मध्ये छापलं. ज्या गावांत हे जाणं-येणं आणि बोलणं होत होतं, तिथल्या बायका गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. ना नवं औषध, ना नवं यंत्र. कुणीतरी येऊन विचारत होतं, एवढंच.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. बार्शीची नोंदणी जगभरच्या दर्जेदार नोंदणींच्या संग्रहात घेतली जाते. इतकी वर्षं, इतक्या कष्टानं शोधूनही तिथला दर मुंबईपेक्षा बराच कमी राहिला आहे. म्हणजे गाव आणि शहर यांतला सगळाच फरक कागदावर न आलेल्या रुग्णांचा नाही. काही फरक खरा आहे. "गावात कॅन्सर आहे पण लपलाय" एवढं एकच उत्तर देणारे लोकही मला चाचांइतकेच घाईचे वाटतात.

खरा फरक कुठं आहे ते पाहिलं तर मात्र चाचांना फारसं आवडणार नाही. मुंबईच्या बायकांमध्ये पहिल्या नंबरवर स्तनाचा कॅन्सर आहे. बार्शीत वर्षानुवर्षं पहिला नंबर गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा त्याच्या मागे. कमी वयात पहिलं मूल, जास्त मुलं, प्रत्येकाला वर्ष-दीड वर्ष अंगावर पाजणं, यानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे शास्त्रानं पक्कं झालेलं आहे. आणि कमी वयात लग्न, जास्त बाळंतपणं, तपासणीची सोय नसणं यानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही पक्कं आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि तिशीपर्यंत चार-पाच लेकरं झालेल्या बाईला एका कॅन्सरपासून जे थोडं संरक्षण मिळतं ते त्याच आयुष्यातून, जे तिला दुसऱ्या कॅन्सरच्या जवळ नेतं. याला "गावाकडचं निरोगी जीवन" म्हणायची माझी तयारी नाही. शिवाय स्तनाच्या कॅन्सरला वेळेत उपचार मिळाला तर बाई पुढं कित्येक वर्षं जगते, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर होण्याआधीच पकडता येतो. टाळता येणारा रोग जिथं पहिल्या नंबरवर असतो, त्या जागेचा एकूण आकडा कमी असला काय आणि नसला काय.

तंबाखूचंही तेच. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागात ३२.५ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, शहरात २१.२ टक्के. आपल्याकडच्या बायकांची मिश्री ही घरात कुणी व्यसनात नीट धरत नाही. घरात बिडी ओढणाऱ्या पुरुषाला टोकणारी दादी स्वतः दिवसातून चार वेळा मिश्री लावते आणि तिच्या लेखी ते दात घासणं असतं, व्यसन नसतं.

गाव-शहर ही फाळणी स्वतःच किती कच्ची आहे हे ऐझॉलवरून कळतं. सर्वांत वरचा दर ना मुंबईचा ना दिल्लीचा. तो एका डोंगराळ, छोट्या जिल्ह्याचा आहे, आणि तिथं तंबाखूचं सेवन भयंकर आहे. पंजाबचं उदाहरण याच्या उलट बाजूनं घ्या. माळवा भागातून बिकानेरकडे जाणाऱ्या गाडीला लोक 'कॅन्सर ट्रेन' म्हणू लागले, कारण तिच्यात उपचाराला निघालेले रुग्ण भरलेले असत. सगळ्या देशाची समजूत झाली की तिथल्या खेड्यांत घरटी कॅन्सर आहे. टाटा मेमोरियलनं तिथं नोंदणी केंद्रं सुरू केल्यावर मानसा आणि संगरूर या ग्रामीण जिल्ह्यांचे दर चंदीगड आणि मोहालीपेक्षा कमी निघाले. म्हणून तिथली कीटकनाशकं निर्दोष ठरतात असं मी म्हणत नाही. पण गाडी भरून रुग्ण परराज्यात का जात होते, याचं निदान एक उत्तर साधं आहे: जवळ परवडणारं इस्पितळ नव्हतं. रोगाच्या आकड्यापेक्षा ती गाडी सोयींबद्दल जास्त सांगत होती.

आता आपल्या माणसांविषयी थोडं. मुंबईच्या नोंदणीतून धर्मनिहाय आकडेही वेळोवेळी मांडले गेले आहेत. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त, मुसलमान बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा हिंदू बायकांपेक्षा कमी, असं त्यातून दिसलं. खतन्यामुळे पुरुषाकडून येणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं प्रमाण घटतं, असं २००२ मध्ये अनेक देशांतल्या माहितीवरून छापून आलं. या दोन गोष्टी एकत्र करून आपल्यात काही लोकांनी स्वतःला सर्टिफिकेट देऊन टाकलं आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढं साधं गणित आहे. आणि तोंडाच्या कॅन्सरचं काय? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बंद आहे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही टपरीवर तो मिळतो. पानपट्टीवर उभ्या पोरांची नावं ऐका, मग सर्टिफिकेट दाखवा. राज्यातले बहुतेक मुसलमान शहरांत राहतात हे खरं, पण ज्या शहरात राहतात ते शहर गोवंडीचं आहे, मुंब्र्याचं आहे, मालेगावचं आहे. 'शहरी' दर म्हणजे मलबार हिल आणि गोवंडी यांची सरासरी. गोवंडीतल्या बाईला इस्पितळ जवळ आहे, पण लेडी डॉक्टर आहे का, घरातून कुणी सोबत येतं का, एक दिवसाची मजुरी कोण देतं, हे प्रश्न बीडच्या बाईपेक्षा फार वेगळे नाहीत.

मग तुलना करायचीच नाही का? करायची. पण नवे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही शेजारी ठेवून. अमेरिकेत ही तुलना कौंटीवार करतात; कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं एकक. तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये ग्रामीण आणि महानगरी कौंटींचे आकडे समोरासमोर मांडले. नव्या रुग्णांचा दर ग्रामीण भागात लाखामागे ४४२, महानगरी भागात ४५७. म्हणजे गावं थोडी बरी. मृत्यूचा दर मात्र ग्रामीण भागात १८० आणि महानगरी भागात १५८. रोग कमी, मरण जास्त. फुफ्फुसाचा, मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तिथंही गावांतच जास्त आहे, म्हणजे सिगारेट सोडवून आणि वेळेवर तपासून जे टाळता येतात तेच. त्यांच्याकडे मोजणी पक्की असल्यामुळे हा उलटा हिशेब दिसला तरी.

आपल्याकडे दुसरा आकडा शोधायला गेलं की जमीनच सरकते. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण लिहून प्रमाणित केलेले मृत्यू फक्त २२.५ टक्के होते. बाकीच्यांचं काय झालं? "म्हातारपण." "अन्न जाईना झालं होतं." "पोटात गाठ होती म्हणे." अन्न जाईनासं होणं हे अन्ननलिकेच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं, पण कबरीत उतरवल्यावर कोण तपासणार. ऊसतोडीला सहा महिने कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असलेल्या बाईचं दुखणं तिथल्याच एखाद्या दवाखान्यात दाबलं जातं. परळला टाटामध्ये आलेला रुग्ण कधी मुंबईच्या नातेवाइकाचा पत्ता लिहितो. नोंदणीवाले असे पत्ते तपासतात, भागात वर्षभर राहिलेल्यालाच रहिवासी धरतात, मेहनत करतात. तरीही जे त्यांच्यापर्यंत आलंच नाही ते कसं मोजणार?

बीडच्या बाबतीत तर आणखी एक भयानक गुंता आहे. याच कमी कॅन्सरच्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याचा धंदा झाल्याचं २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात तिशी-पस्तिशीच्याही बायका होत्या. अनेकींनी सांगितलेलं कारण एकच: "डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल." जिथं कॅन्सरचा दर देशात सर्वांत कमी म्हणून छापला जातो, तिथंच कॅन्सरची भीती घालून ही ऑपरेशनं झाली. ज्या बाईच्या पांढऱ्या पाण्यावर साध्या औषधानं काम झालं असतं तिनं उचल घेऊन ऑपरेशन केलं. आणि हिशेबाचा भाग असा, की पिशवीबरोबर मुखही काढलं गेलं असेल तर त्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, पण भागाकाराच्या खालच्या संख्येत ती राहतेच. म्हणजे तिची काढलेली पिशवीही दर थोडा खालीच ओढते.

खरी तपासणी काय करू शकते, तेही याच जिल्ह्यांपैकी एकानं जगाला दाखवून दिलं आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांमधल्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायकांचे चार गट करून अभ्यास झाला. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केली, एका गटाची पॅप चाचणी, एका गटाची व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीसारखं सोडलं. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४ हजार बायकांमध्ये या कॅन्सरनं ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या गटातल्या ३१ हजारांमध्ये ६४. आयुष्यात एकदा केलेली एकच चाचणी, आणि मरण जवळपास निम्मं. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढं जोरदार आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. गरीब बायकांवरच असे गट का पडतात, हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला विज्ञानविरोधी म्हणू नये. पण त्याहून मोठा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. त्या निकालाचा आधार जगभरची धोरणं घेतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. तोंडाची आणि स्तनाची तपासणी झालेल्या एक टक्क्याहूनही कमी.

अशा वेळी "सर्वांत कमी दर" हे वाक्य सरकारी टेबलावर पोचलं की काय होतं याचा विचार करा. जिथं रोग कमी तिथं रेडिएशनचं यंत्र कशाला, पॅथॉलॉजिस्टचं पद भरायची घाई कशाला. बीडच्या रुग्णानं सव्वाशे किलोमीटर औरंगाबादला जावं, पाच-सहा आठवडे रोज रेडिएशन घ्यावं, राहायची सोय स्वतः बघावी. त्यातले काही मध्येच गावी परत येतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "शेक दिला तरी गुण आला नाही." पुढच्या घरातला रुग्ण मग जातच नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पुढच्या अहवालात उस्मानाबाद-बीडचा दर छापाल तेव्हा त्याच ओळीत आणखी दोन आकडे छापा: निदान झालं तेव्हा किती रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते, आणि पाच वर्षांनी किती जिवंत होते. ऐझॉल, मुंबई, बार्शी, सगळ्यांचे. आणि आपल्या पातळीवर, आशाताई तपासणीच्या दिवसाची चिठ्ठी घेऊन येते तेव्हा पोलिओच्या डोसाची जशी मशिदीच्या माइकवरून सूचना होते तशी याचीही होऊ द्या. बायकांच्या आजाराचं नाव माइकवर कसं घ्यायचं अशी अडचण असेल तर नाव घेऊ नका. "तीस वर्षांवरच्या सगळ्या बहिणींनी मंगळवारी उपकेंद्रात यावं, लेडी डॉक्टर आहेत" एवढं म्हटलं तरी पुरे. फक्त त्या दिवशी लेडी डॉक्टर खरंच आली आहे का, ते आधी फोन करून विचारून घ्या.